शाळेतील दुपारचे अन्न आणि दुष्काळफंडाचा विनियोग

परतूर शहर व तालुक्यातील व्यापारी, बागायतदार, जमीनधारक व इतर उदार आश्रयदाते यांस सविनय निवेदन ऐसे की, दुष्काळनिवारणाच्या कामी आपण आजवर जे साहाय्य केले त्याचा जमाखर्च या अहवालात अन्यत्र दिला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. यापुढे जमणाऱ्या वर्गणीचा मोठा भाग शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दुपारच्या अन्नाकडे लावावा असे समितीने ठरविले आहे. हे ऐकून कित्येक सद्गृहस्थांनी आम्हांस विचारले की, शाळेत सरकार जेवण देतेच. मग तेथे आमच्या पैशाचे काय काम? प्रश्न रास्त आहे. ज्याने पैसा द्यावयाचा त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्याजोगे नसल्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे.

आमच्या बाजूची दुष्काळाची आठवण जुनी आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांचा प्रश्न इतका बिकट झाला की, १८७७ साली पुण्याजवळ धनकवडी येथे जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी मुलांसाठी अन्नछत्र घातले आणि त्यासाठी लोकांकडे जाहीर मदत मागितली. परतूर त्या काळी निजामाच्या मुलखात होते व इकडची हकीकत तशी कोणी लिहून ठेवली नाही. पण उपासमारीला सरहद्द ठाऊक नसते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. तो आमच्या वडील माणसांनी खडी फोडून काढला. मिलो आणि सुकडी हे दोन शब्द आजही त्यांच्या तोंडी आहेत. मिलो ही तांबडी ज्वारी अमेरिकेहून येई. तिने प्राण वाचविले हे खरे. तथापि ज्या शेतकऱ्याच्या घरी शेर दोन शेर तूर शिल्लक होती, किंवा ज्याच्या विहिरीवर वाफाभर भाजी उभी होती, त्याच्या हाती त्या व्यवहारातून एक पैसा पडला नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच दाखविले आहे की, दुष्काळात अन्न अजिबात नाहीसे होते असे नाही. ते विकत घेण्याची माणसाची ऐपत नाहीशी होते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो. वकिलाच्या हाती लेखणी असल्यामुळे हा भाग थोडा लांबला तर वाचकांनी क्षमा करावी.

शिजविलेले अन्न शाळेत देण्याची प्रथा मद्रास प्रांताकडून आली. १९५६ साली कामराज यांनी व १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ती त्या राज्यात वाढविली. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभरासाठी योजना सुरू केली; परंतु आमच्याकडे प्रारंभी मिळाले ते दरमहा तीन किलो कोरडे तांदूळ. हे तांदूळ घरी जात, घरातील सर्वांच्या ताटात वाटले जात, आणि ज्या मुलाच्या नावे ते आले त्याच्या वाट्याला मूठभर येत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला की, शाळेत शिजविलेलेच अन्न द्यावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क पक्का केला. आठवी इयत्तेपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, शाळेला सुट्टी नसेल त्या प्रत्येक दिवशी, सरकारी व अनुदानित शाळेत फुकट, गरम, शिजविलेले अन्न मिळाले पाहिजे. २०१५ च्या नियमांनी पुढे असेही ठरविले की, एखाद्या दिवशी अन्न शिजले नाही तर त्या दिवसाचे धान्य व शिजविण्याच्या खर्चाची रक्कम मुलास द्यावी. २०२१ साली योजनेचे नाव बदलून ते प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे करण्यात आले. नाव कोणतेही असो; हा मुलाचा हक्क होय, कोणाचा उपकार नव्हे. आम्ही वर्गणी मागतो ती हा हक्क विकत घेण्यासाठी नाही. तो मुलांच्या पदरी आधीच आहे.

मग उणे काय आहे? पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीस त्याच्या दीडपट. पहिल्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावी आणि दुसऱ्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, असा हिशेब आहे. शंभर लहान मुलांच्या शाळेत याचा अर्थ दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ, पाच किलो भाजी, अर्धा किलो तेल. तांदूळ सरकारी कोठारातून येतो. ग्रामीण शाळांना डाळ, कडधान्य, तेल, मसाला हा मालही बहुधा ठरविलेल्या पुरवठादाराकडून येतो. मुख्याध्यापकाच्या हाती राहते ते जळण, भाजी व पूरक आहार यांचे थोडे पैसे. १ मे २०२५ पासून शिजविण्याच्या खर्चाचा दर लहान मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे व मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे आहे. त्यातूनच डाळ, तेल, मीठमसाला, भाजी आणि इंधन हे सर्व भागवावयाचे. उन्हाळ्याच्या तोंडावर भाजीचे भाव चढले म्हणजे मुख्याध्यापक काय करतात हे कोणत्याही घरधन्यास सांगणे नको. पाच किलो भाजीची दोन किलो होते. पातेल्यात पिवळा भात राहतो आणि त्यात कोठे कोठे कोथिंबिरीचे पान.

सबब तांदूळ नाही अशी ओरड क्वचित असते. भाजी, अंडे, फळ, शेंगदाणा, म्हणजे ज्या जिनसांनी अंगात रक्त वाढते व डोळ्यांस तेज राहते, त्याच जिनसा दुष्काळात प्रथम पातेल्यातून गळतात. घरीही त्याच गळलेल्या असतात. याच ठिकाणी आपल्या मदतीचे काम आहे.

येथे आमच्या समितीची एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. प्रारंभी आम्ही गावोगावच्या शेतकऱ्यांस व अडत दुकानदारांस एवढेच सांगितले की, ज्याला जे देता येईल ते त्याने शाळेत पोहोचवावे. लोकांनी मनापासून दिले. एका गावी एकाच सकाळी तिघांच्या शेतातून मेथी आली. मदतनीस बाई ती निवडता निवडता मेटाकुटीस आल्या, निम्मी मेथी दुपारपर्यंत सुकून गेली, आणि त्यानंतर दहा दिवस शाळेत हिरवे पान दिसले नाही. दुसऱ्या गावी एका दात्याने मुलांस बिस्किटांचे पुडे वाटले. मुलांनी ते खाल्ले व शिजलेली उसळ तशीच राहिली. दोष दात्यांचा नव्हता. कोणी, काय, कोणत्या वारी द्यावयाचे हे ठरविण्याचे काम आमचे होते, आणि ते आम्ही केले नव्हते.

तेव्हापासून आम्ही रीत बदलली. प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांच्यापैकी दोघे, मुख्याध्यापक, स्वयंपाक करणाऱ्या बाई आणि आमचा एक सभासद असे पाच जण महिन्याच्या आरंभी बसतात व आठवड्याचे वार लावतात. स्वयंपाकिणीस आग्रहाने बोलावावे लागते. ती भिंतीशी उभी राहते, बसत नाही. पण शंभर मुलांची चूल कशी चालते हे त्या पाचांत तिच्याएवढे कोणालाच ठाऊक नसते. आम्ही मोठ्या हौसेने सुचविले होते की, आमचा मुलूख ज्वारी-बाजरीचा असल्यामुळे आठवड्यातून एकदा भाकरी असावी. तिने विचारले, दोन बायकांनी शंभर भाकरी किती वाजता थापावयास बसावे? आमच्यापैकी कोणीही तो विचार केला नव्हता. शेवटी तिनेच तोड काढली: भाकरीऐवजी ज्वारीच्या कण्या व बाजरीची खिचडी. दोन्ही एका पातेल्यात होतात व मुलांच्या जिभेला ओळखीच्या आहेत.

भाजीचा हिशेब जमीनधारकांनी जरूर पाहावा. शाळा वर्षात दोनशे दिवस भरली असे धरले तर शंभर लहान मुलांस दहा क्विंटल भाजी लागते. दुष्काळात बाजाराला भाजी न्यावयाची तर गाडीभाडे, हमाली, अडत जाऊन शेतकऱ्याच्या हाती काय उरते हे आपण जाणता. त्यापेक्षा गावच्याच शाळेने ठरल्या वारी, ठरल्या वजनाने, वाजवी दराने भाजी घेतली आणि आठवड्याच्या बाजारापूर्वी रोख पैसे दिले, तर ज्याच्या विहिरीस अद्याप पाणी आहे अशा लहान शेतकऱ्याचा संसार चालतो. एका रुपयात मुलाच्या ताटात भाजी पडते व त्याच्या बापाच्या हाती पैसा पडतो. मिलोच्या काळी जे साधले नाही ते असे साधता येते. ब्राझील देशाने ही गोष्ट कायद्यात घातली: तेथे २००९ साली असे ठरविण्यात आले की, शाळेच्या अन्नासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशांपैकी शेकडा ३० तरी स्वतःच्या कुटुंबाच्या श्रमाने शेती करणाऱ्यांकडून थेट खरेदी करण्यात खर्च व्हावे. आमच्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होवो; परतुरात व्यापारी आणि बागायतदार एकमेकांस नावाने ओळखतात, तेव्हा कायद्यावाचूनही हे होण्यासारखे आहे.

यात व्यापाऱ्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, हप्त्याची रोकड. शेतकरी महिनाभर पैशाची वाट पाहू शकत नाही, आणि शाळेला मिळणारी रक्कम पुष्कळदा मागाहून येते. मधल्या दिवसांसाठी बिनव्याजी उचल देणारा एक दुकानदार गावास मिळाला तरी अर्धे काम झाले. दुसरी गोष्ट, तोलकाटा. अडतीच्या दुकानात जो काटा सोने मोजावे तसा धान्य मोजतो, त्याच्या तोडीचा काटा शाळेत बहुधा नसतो. पोते पन्नास किलोचे म्हणून येते. ते उतरताच वजन करून, भरलेला आकडा पोचीवर लिहिण्याची सवय लागली तर कित्येक तक्रारी उद्भवणारच नाहीत. तिसरी, पत्र्याच्या झाकणाच्या कोठ्या. उंदीर आणि ओल यांनी जेवढे धान्य जाते त्याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. शेंगदाणा द्यावयाचा असेल तर तो कोरडा व निवडलेला द्यावा. बुरशी आलेला दाणा स्वस्त मिळतो, पण त्यात विष असते व ते भाजून जात नाही.

विषाचा विषय निघाला आहे म्हणून येथेच सांगतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन या गावी शाळेतले अन्न खाऊन तेवीस मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. आमचा तालुका कापसाचा आहे. हे नाव येथे कोणास नवे नाही, आणि औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यांत पाणी, तेल, दाणे ठेवण्याची चाल आमच्या घरांतून आहे हे आपण नाकारू शकत नाही. सबब आमची एक अट आहे व ती मोडून आम्ही कोणाचीही देणगी घेणार नाही. तेल मोहोरबंद पुड्यातूनच यावे. सुटे तेल, कितीही प्रेमाने दिले तरी, परत जाईल. फवारणीनंतर जितके दिवस थांबावयास हवे तितके न थांबता तोडलेली भाजीही घेतली जाणार नाही. मुलांस वाढण्यापूर्वी शिक्षकाने व आणखी एकदोन मोठ्या माणसांनी अन्न चाखावे असा नियमच आहे. आमचा जो सभासद त्या दिवशी शाळेत असेल त्यानेही चाखावे, असे आम्ही ठरविले आहे.

आता अंड्याची गोष्ट. ती टाळून पुढे जाणे सोपे होते. पण वर्गणी मागताना अर्धे बोलणे बरे नव्हे. २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने आठवड्यातून एकदा मुलांस अंडे, व जी मुले अंडे खात नाहीत त्यांस केळे देण्याचे ठरविले होते. जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय निघाला, त्यान्वये अंडी व साखर यांसाठी राज्याचा निराळा पैसा बंद झाला. ज्या शाळांस हे पदार्थ द्यावयाचे असतील त्यांनी ते लोकसहभागातून जमवावे असे ठरले. म्हणजे हा भार आता सरळ आपणांवर आहे. अंडे सात रुपयांना पडते व वर्षात शाळेचे ३६ आठवडे भरतात असे धरले तर शंभर मुलांच्या शाळेस आठवड्याचे सातशे व वर्षाचे २५,२०० रुपये लागतील. लग्नातल्या एका मंडपाच्या खर्चात अशा किती शाळा बसतील, हा हिशेब आम्ही वाचकांवर सोडतो.

आमच्या आश्रयदात्यांपैकी कित्येक कुटुंबे धर्माने शाकाहारी आहेत. त्यांनी आम्हांस स्पष्ट सांगितले की, आमच्या पैशाने अंडे घेऊ नये. हे म्हणणे आम्ही पूर्ण मान्य करतो. त्यांची रक्कम निराळ्या खात्यावर धरली जाते व तिच्यातून केळी, दूध, शेंगदाणा-गुळाचे लाडू, मटकी व चवळी एवढेच घेतले जाते. खातेवही कोणीही पाहावी. परंतु याच्या पुढची एक मागणी आमच्याकडे आली, ती अशी की, ज्या शाळेस आमची मदत जाते तेथे दुसऱ्या कोणाच्या पैशानेही अंडे शिजू नये. ही मागणी आम्ही नम्रपणे नाकारली आहे. दात्याला स्वतःच्या पैशावर अट घालण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या मुलाच्या ताटावर नाही. ज्यांच्या घरी अंडे खाल्ले जाते परंतु परवडत नाही, अशाच घरची मुले या शाळांत फार आहेत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात व ती लहान पोटात मावतात; त्याच मोलाची डाळ खावयाची तर वाटी मोठी लागते. या नकारामुळे एक मोठी देणगी गेली. ती गेल्याचे वाईट वाटते, पण ठराव बदललेला नाही.

परसातील कोंबड्यांची अंडी शाळेने घ्यावी म्हणजे गावातील बायकांस उत्पन्न होईल, ही सूचना ऐकावयास फार गोड आहे. ठरल्या वारी शंभर ताजी अंडी एका गावातून जमविणे मात्र अवघड जाते. ती तूर्त कुक्कुटपालन करणाऱ्यांकडूनच घ्यावी लागतील.

पूर्वी आमच्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्यांनी तसे दिवस काढले त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे की, अन्नाची चव विसरली, पण वाढणाऱ्याचा चेहरा विसरला नाही. कोठे माया होती, कोठे ताट दुरून सरकविले जाई. शिवाय वार लागत ते ठराविक जातींच्या मुलांचे. बाकीच्यांना दार नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले व सर्व जातींची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत जेवू लागली, तेव्हा कोठे ही वाट मोडली. शाळेतील दुपारच्या जेवणाचा आम्हांस जो अभिमान वाटतो तो याकरिता. ताट सर्वांचे एक, आणि वाढणाऱ्याचा उपकार कोणावर नाही.

म्हणून वाढदिवस, पुण्यतिथी किंवा दुकानाचा मुहूर्त यांनिमित्त शाळेत गोड जेवण घालू इच्छिणाऱ्या दात्यांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. योजनेत याला जागा आहे. इतरत्र त्यास तिथिभोजन म्हणतात, महाराष्ट्रात स्नेहभोजन असे नाव आहे. ते शाळेच्या रोजच्या अन्नाला पूरक असावे, त्याच्या जागी नसावे. आम्ही अशी एक पंगत पाहिली की जेथे दात्याच्या नावाचा फलक मुलांच्या डोक्यावर टांगला होता आणि छायाचित्र निघेपर्यंत जिलेबी ताटात ठेवून मुलांस हात आवरून बसविले होते. पहिलीतली एक मुलगी रडू लागली. त्या दिवशी शाळेचे नेहमीचे अन्नही शिजले होते. ते जनावरांपुढे गेले. त्याच खर्चात त्या शाळेस कित्येक आठवडे केळी पुरली असती. फलकाची हौस असल्यास तो कोठीवर किंवा पाण्याच्या टाकीवर रंगवावा. तेथे तो अधिक दिवस टिकेल.

याच प्रकरणी आणखी एक गोष्ट. स्वयंपाक कोणत्या जातीची बाई करते असे आम्हांस एका देणगीदाराने विचारले. २० एप्रिल २००४ च्या हुकुमात सर्वोच्च न्यायालयाने या नेमणुकांत अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस अग्रक्रम द्यावा असे म्हटले आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांची देणगी आम्हांस नको. पंचवीसपर्यंत मुले असतील तर एक, शंभरपर्यंत दोन अशा हिशेबाने या बायका नेमल्या जातात. त्यांचे मानधन महाराष्ट्रात वाढवून दरमहा २,५०० रुपये करण्यात आले. धुरात उभे राहून शंभर मुलांस जेवू घालणाऱ्या बाईस आपल्या दुकानातील हरकाम्यापेक्षा किती कमी मिळते, हे व्यापारी बंधूंनी पाहावे. तिला लुगडे-चोळी द्यावी असे आम्ही म्हणत नाही; जळणाऐवजी गॅसचे सिलिंडर वेळेवर भरून मिळेल एवढे पाहिले तरी तिचे डोळे वाचतील.

एक अडचण अशी आहे की, तिचे उत्तर आम्हांस अजून पुरते सापडलेले नाही. सरकारी तांदूळ वेळेवर आला नाही तर समितीने आपला तांदूळ घालावा की नाही? घातला तर पुरवठ्याची कसूर झाकली जाते व पुढल्या महिन्यात तीच कसूर दुप्पट होते. न घातला तर मूल उपाशी घरी जाते. न्यायालयात उभे राहून कसूर सिद्ध करण्याचे काम आमच्या नेहमीच्या धंद्यातले आहे, पण त्यासाठी मुलाला पुराव्यादाखल उपाशी ठेवणे आमच्याने होणार नाही. तूर्त तोड काढली आहे ती उसनवारीची. समिती तांदूळ देते, शाळा तो उसना म्हणून नोंदवहीत लिहिते, त्याच दिवशी वरिष्ठांकडे लेखी तक्रार जाते, आणि माल आला की उसना तांदूळ परत घेतला जातो. काही ठिकाणी परत घेताना आम्हांस वाईटपणा आला. तो पत्करला आहे.

आता उरला उन्हाळा. शाळेच्या सुट्टीत कायद्याची चूल विझते, आणि आमच्या भागात उपासमारीचे दिवस तेच. वर सांगितलेल्या २००४ च्या हुकुमात दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावे असे स्पष्ट आहे. परंतु दुष्काळग्रस्त कोण, हे सरकारी यादी ठरविते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. शेजारचा मंठा तालुका त्या यादीत होता, परतूर नव्हते. बांधाच्या अलीकडचे मूल आणि पलीकडचे मूल यांच्या भुकेत किती फरक होता हे ज्याने त्याने पाहावे. पाऊस न पडल्यानेच अन्न जाते असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने व पुराने मराठवाड्यातील उभी पिके गेली, तेव्हा घरांतील कणग्या तशाच रिकाम्या राहिल्या. सबब तालुका यादीत असो वा नसो, शाळेच्या आवारात निदान सकाळी एक वेळ कण्या किंवा खिचडी व मूठभर दाणे मिळावे यासाठी निराळा साठा आतापासून करणे अवश्य आहे. नववी-दहावीची मुले शाळा चालू असतानाही या हक्काच्या बाहेर राहतात. या साठ्यातील अन्न त्यांसही दिले जाईल.

आणखी एक वर्ग आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात व मुले त्यांच्याबरोबर गाडीत बसतात. शाळेतील अन्न येथे शिजत राहते, खाणारे मूल फडात असते. अशा मुलांस गावीच ठेवून घेण्याकरिता हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. तेथे सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था गावाने नीट पाहिली तरच आजी-आजोबा नातवंडांस ठेवून घेण्यास धजतात. रात्रीचे जेवण हा प्रश्न दुपारच्या जेवणाहून कठीण आहे, कारण रात्री पाहावयास कोणी येत नाही. या कामी पैशापेक्षा माणसांची गरज अधिक आहे: आठवड्यातून एका रात्री मुलांबरोबर जेवावयास बसेल असा एकेक गृहस्थ प्रत्येक गावी हवा.

मदत देण्याची रीत येणेप्रमाणे आहे. रोख रक्कम द्यावयाची असल्यास कोणत्या शाळेसाठी, व शाकाहारी खात्यावर की सर्वसाधारण खात्यावर, हे सांगावे. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, मटकी द्यावयाची असल्यास ती पोत्यात भरून, वजन लिहून, सुगीच्या दिवसांतच द्यावी. भाव चढल्यावर दिलेले एक पोते आणि सुगीत दिलेली दोन पोती यांचा देणाऱ्यास भार सारखाच पडतो. भाजी देणाऱ्या बागायतदारांनी आपला वार आधी ठरवून घ्यावा व त्या वारी पीक नसेल तर दोन दिवस अगोदर शाळेत निरोप धाडावा. शेवग्याचे रोप शाळेच्या परसबागेत लावून देणाऱ्यांनी उन्हाळ्यात त्यास पाणी कोण घालणार हेही सांगून जावे. गेल्या खेपेची रोपे वाळली. आष्टी, वाटूर व सातोना या बाजूच्या दात्यांनी धान्य परतुरास आणण्याची तसदी घेऊ नये, ते आपल्याच गावच्या शाळेत उतरवावे. त्या दिवशी किती मुले जेवली, काय शिजले, कोणाकडून किती वजन आले हे शाळेच्या भिंतीवरील फळ्यावर रोज लिहिले जाते. पावती मुख्याध्यापक व पालक सभासद या दोघांच्या सहीची असेल. एका सहीची पावती कोणी दिल्यास घेऊ नये व आम्हांस कळवावे.